अप्पांचा सायेब

गेल्या डिसेंबरातली दुपार. प्रॅक्टिकल आटोपून मी काचेच्या बरण्या धूत होते, आणि सुधीर, माझा नवरा, प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला. बारा वर्षांच्या संसारात तो माझ्या कॉलेजात एकदाही आत आला नव्हता. फॉर्मॅलिनच्या वासानं त्याला मळमळतं. त्यामुळे तो काही बोलायच्या आधीच मी हात पुसले. "अप्पा गेले गं," तो म्हणाला, "जेवता जेवता." माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा... "काय जेवत होते?" आता आठवलं की माझं मलाच नवल वाटतं. पण सुधीरला त्यात काही वावगं वाटलं नाही. "भरीत-भाकरी. आईकडे दुसऱ्यांदा भरीत मागितलं. तिनं वाढलं, आणि घास मोडता मोडता..." रिक्षात बसून घरी येईपर्यंत मी रडत होते, पण रडता रडता बरंही वाटत होतं. माणूस उपाशी गेला नाही, आवडीचं खाता खाता गेला. दुसऱ्याला खाऊ घालणं म्हणजे काय, हे मला ज्या माणसानं शिकवलं, त्याच्या ताटात शेवटी भरीत होतं, तेही मागून घेतलेलं.

अप्पा माझे सासरे. विंचूरच्या पुढच्या एका खेड्यातून, कांद्याच्या शेतातून, विशीत नाशकात आले. इथेतिथे वायरिंगची कामं केली, मग अंबडला एका कारखान्यात वायरमन म्हणून लागले आणि मेंटेनन्सचे फोरमन होऊन निवृत्त झाले. पाथर्डी फाट्याजवळ त्यांनी बैठं घर बांधलं तेव्हा आजूबाजूला सगळी शेतं होती. बोलणं मात्र खेड्यातलं, ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. 'नाही' असं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलंच नाही, 'नाय'च. उंच, काटक अंगकाठी, अंगात इस्त्रीचा खाकी हाफ शर्ट आणि वरच्या खिशात टेस्टर. निवृत्तीनंतरही टेस्टर, लग्नाकार्यातही टेस्टर. कारखान्यात त्यांच्याकडे सगळ्या केबल्सची जबाबदारी, आणि केबलचा वैरी एकच, उंदीर. जमिनीखालच्या नाल्यांमधून केबल जायच्या, तिथे उंदीर शिरायचे, वरचं रबर कुरतडायचे आणि अख्खी लाइन बंद पाडायचे. पंचवीसेक वर्षं अप्पांनी उंदरांशी लढाई केली. भिंतीआडून नुसती कुरकुर ऐकून उंदीर लाकूड कुरतडतोय की रबर, हे ते सांगायचे. सुधीर म्हणतो, लहानपणी त्याला ही जादूच वाटायची.

माझी आणि त्यांची सुरुवात काही बरी झाली नाही. लग्न ठरताना मी कॉलेजात नोकरी करते एवढंच त्यांना सांगितलं गेलं होतं. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी सहायक आहे, आणि विद्यार्थ्यांच्या चिरफाडीसाठी लागणारे बेडूक-उंदीर तयार ठेवणं माझ्याच कामात येतं, हे त्यांना लग्नानंतर महिनाभरानं कळलं. ते चिडले वगैरे नाहीत. संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तर कपाकडे बघत म्हणाले, "आज प्रॅक्टिकल व्हतं का?" मी हो म्हटलं. "मंग मला नको." त्या दिवसापासून तो नेमच पडला. प्रॅक्टिकल असलं की माझ्या हातचा चहा ते घ्यायचे नाहीत. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, गुपचूप दुसरं आधण ठेवायच्या. एकदा मला राहवलं नाही. "अप्पा, कारखान्यात तुम्ही उंदीर मारलेच ना?" "मारले." "मग?" "ते कामाचं व्हतं." "माझंही कामाचंच आहे," मी म्हटलं. ते उठून अंगणात निघून गेले. त्यानंतर दोन वर्षं एका घरात राहून 'पाणी आलंय' आणि 'पानं वाढलीत' यापलीकडे आमचं बोलणं झालं नाही. मी माहेरी सांगायचे, सासरे फार अबोल आहेत म्हणून. खरं तर ते सगळ्या फाट्याशी बोलायचे. फक्त माझ्याशी नाही.

त्यांच्या निवृत्तीनंतरचा पहिला उन्हाळा होता. परीक्षा संपल्या आणि सुट्टीआधी विभागातले पिंजरे रिकामे करायचं ठरलं. बाकीचे उंदीर दुसऱ्या कॉलेजात गेले, एक उरला. पांढरा नर, तांबडे डोळे, पावणेदोन वर्षांचा, म्हणजे उंदरांमध्ये आजोबाच. म्हातारा म्हणून त्याला कुणी घेईना. "त्याचं काय ते बघून टाका," असं मला सांगून सर गावाला निघून गेले. काय बघायचं ते मला ठाऊक होतं. क्लोरोफॉर्मची बाटली कपाटात होती, कापूस होता. पण गेलं दीड वर्ष रोज सकाळी मी दार उघडलं की हा जाळीला नाक लावून उभा राहायचा. त्या दिवशीही राहिला. मी बाटली पुन्हा कपाटात ठेवली, त्याला कापडी पिशवीत घातलं, रिकामा पिंजरा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि सिटी बसमध्ये चढले. पिशवी हलताना बघून कंडक्टरनं विचारलं, "ताई, काय आहे त्यात?" मी म्हटलं, "प्रसाद." तेच का सुचलं, कुणास ठाऊक.

मागच्या अंगणात अडगळीची एक खोली होती, तिथे पोत्यांमागे मी पिंजरा दडवला. दोन दिवस निभावलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे चहाला बसलो होतो, आणि अप्पांनी कप अर्ध्यावर धरून मान तिरकी केली. "घरात उंदीर हाय." आई म्हणाल्या, "मग औषध आणा ना वाण्याकडून." अप्पा म्हणाले, "औषध नको. माळ्यावरचा पिंजरा काढतो." आमच्याकडे पिंजऱ्यात सापडलेल्या उंदराचं पुढे काय होतं ते मी कधी पाहिलं नव्हतं, पण शेजारीपाजारी बादलीत बुडवतात हे माहीत होतं. "अप्पा," मी म्हटलं, "तो उंदीर माझा आहे." सुधीरला ठसका लागला. अप्पांनी कप खाली ठेवला आणि ते अडगळीच्या खोलीकडे चालू लागले. मी मागोमाग. आई माझ्यामागोमाग, हातात झाडू घेऊन.

अप्पा पिंजऱ्यासमोर उकिडवे बसले. म्हातारबा हळूहळू पुढे आला, मागचे दोन्ही पाय फरफटत, आणि त्यानं अप्पांचं बोट हुंगलं. "वय काय?" अप्पांनी विचारलं. "दोन होतील." "जगतो किती?" "अडीच वर्षं. फार तर तीन." "मागल्या पायांना काय झालं?" "म्हातारपण," मी म्हटलं. त्यांनी पिंजरा वरून खाली न्याहाळला. मी मनातल्या मनात माहेरचा पत्ता, बसचा नंबर, सगळं आठवून घेतलं. मग ते माझ्याकडे वळले आणि दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर रागावले. "आगं, मंग ह्याचं खाणं वरच्या जाळीत कशापायी ठेवलंस? चढायचं कसं त्यानं?"

प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यात खाणं वरच्या जाळीतच असतं, पाण्याची बाटलीही वरून लटकते. दीड वर्षात मला ते कधी खटकलं नव्हतं. अप्पांना दोन मिनिटांत खटकलं. त्याच दिवशी त्यांनी जुन्या पत्र्याच्या ट्रंकेचं झाकण काढलं, पुढची बाजू चार बोटं ठेवून कापली, कापलेली धार आत दुमडून ठोकून बोथट केली. वर जाळी बसवली. पाण्याला मातीची बसकी पणती, खाण्याला दुसरी, दोन्ही झोपायच्या जागेपासून वीतभर अंतरावर. "लय लांब नको, आन अगदीच तोंडाशीबी नको. थोडं चालला पायजे, नायतर पाय पार जातील." खाली मी कॉलेजातून आणलेला लाकडाचा भुसा पसरला होता. त्या धुळीनं म्हातारबा सटासट शिंकायचा. अप्पांनी तो काढून टाकला आणि आईंकडे मऊ सुती लुगडं मागितलं. "माझं लुगडं? उंदराला?" आई म्हणाल्या. "जुनं गं." "जुनं झालं म्हणून काय माझं नाही का?" पण दुपारी पेटीतून एक विटकं लुगडं निघालं, त्याचे चौकोनी तुकडे झाले आणि रोज एक बदलून धुवून वाळत पडायला लागला. दोरीवर सुधीरच्या बनियनशेजारी ते इवलेसे चौकोन बघून शेजारच्या काकूंनी मला गोड बातमी आहे का म्हणून विचारलं.

नाव त्यांनीच ठेवलं. म्हातारबाला जरा बरं वाटायला लागलं तसा तो अंगणाच्या ओट्यावर सोडलेला असताना प्रत्येक वस्तूपाशी जाऊन नाक लावायचा. चपला, कुंडी, अप्पांचा टेस्टर, सगळं तपासायचा आणि मग मध्येच बसून मिशा पुसायचा. "सगळीकडं नाक खुपसायचं आन काम काय करायचं नाय," अप्पा म्हणाले, "हा तर आमचा सायेब!" सायेब हेच नाव पडलं. पुढे कारखान्यातले जुने सोबती भेटायला आले की अप्पा मुद्दाम मोठ्यानं हाक मारायचे आणि ते लोक दचकून दाराकडे बघायचे.

सायबाच्या खाण्यापिण्याचं वेळापत्रक मात्र कारखान्याच्या शिफ्टसारखं होतं. सकाळी दुधात भिजवलेली बाजरीची भाकरी, इतकी कुस्करलेली की चिमटीत धरता येऊ नये. दुपारी मुगाची मऊ खिचडी, बिनमिठाची, वर उकडलेल्या दुधीचा तुकडा. संध्याकाळी केळं नाही तर अंड्याचा पांढरा भाग. अंडं आमच्या स्वयंपाकघरात चालायचं नाही, म्हणून ते शेजारच्या काकूंकडे उकडलं जायचं. खाणं जास्त झालं तर सायेब लठ्ठ होतो आणि पाय आणखी ओढतो, कमी पडलं तर पाठीचं हाड लागतं, हे अप्पांनी महिन्याभरात ओळखलं. दर गुरुवारी भाजीची गाडी दारात आली की ते त्याला रुमालात गुंडाळून तिच्या तराजूत ठेवायचे. भाजीवाल्या मावशी पहिल्यांदा किंचाळल्या. मग सवय झाली. "वजन उतरलंय हो अप्पा," त्या गंभीरपणे सांगायच्या, "ह्या आठवड्यात लाल भोपळा द्या." आणि एक फोड फुकट कापून द्यायच्या. त्याला स्वतःला धड वाकून अंग चाटता येत नव्हतं, म्हणून अप्पा कोमट पाण्यात कापड पिळून त्याची पाठ आणि शेपटीचं मूळ पुसायचे. नखं मी कापायची. ते धरायचे, मी कापायची. असं बसल्यावर बोलावंच लागतं. "जरा वर धरा." "इथं दुखलं का बघ त्याला." बोलणं सायबाबद्दलच, पण बोलणं.

श्रावणात एका सकाळी ते मला हाक मारत स्वयंपाकघरात आले. चेहरा उतरलेला. "वैशाली, सायबाच्या डोळ्यातनं रगत येतंय." मी धावत गेले. डोळ्यांभोवती आणि नाकाशी तांबडं सुकलेलं होतं. "अप्पा, हे रक्त नाही," मी म्हटलं. "उंदरांच्या डोळ्यांमागे एक ग्रंथी असते, तिचा स्राव असाच लाल असतो. ताण आला, आजारी पडला की जास्त येतो. काल रस्त्यावर ते ढोलवाले आले होते ना? घाबरला असेल." मी कापूस ओला करून त्याचे डोळे पुसले. अप्पा शेजारी बसून बघत होते. मग आपल्याच हातांकडे बघत बोलायला लागले.

"एकदा पॅनल उघडलं व्हतं कारखान्यात. आठ दिवसांपूर्वी आम्ही नाल्यात औषध टाकलेलं. आत घरटं. सगळ्या वायरींचं वरचं प्लॅस्टिक कुरतडून केलेलं... लाल, पिवळं, निळं, लय देखणं. आत पिल्लं. डोळेबी उघडले नव्हते. आन त्यांच्यावर आई, मेलेली. औषध खाऊन, तशीच परत येऊन त्यांच्यावर पडली व्हती." त्यांनी तळहात शर्टाला पुसले. "पोरं म्हणली, फोरमन, फेकून देऊ. मी घरी आणली, कापसानं दूध पाजलं. तुझ्या सासूला विचार. एकबी नाय जगलं. तवापासनं औषध टाकायची सही दुसऱ्यानं करायची, मी नाय. आन घरी सापडला तर पिंजऱ्यातनं नेऊन फाट्यापलीकडं शेतात सोडतो." मी कापूस पुन्हा ओला केला. "कुणी उंदीर मारला म्हणलं की माझ्या तोंडाची चवच जाती. तुझा राग नव्हता पोरी. तुला कसं सांगायचं ते कळंना."

त्या दिवशी माझं प्रॅक्टिकल होतं. सुट्टी काढावी असं मनात आलं, पण गेले. संध्याकाळी घरी आले, हातपाय धुतले, चहा टाकला आणि अप्पांच्या पुढे नेऊन ठेवला. त्यांनी काही विचारलं नाही. मीच सांगितलं, "आज प्रॅक्टिकल होतं." "व्हय का," म्हणाले, आणि बशीत ओतून चहा प्यायले. मग म्हणाले, "साखर कमी हाय." आतून आईंचा आवाज आला, "प्रॅक्टिकलच्या दिवशी दोन वर्षांनी प्यायलात ना, विसरला असाल!" मी आजही त्याच विभागात काम करते. अप्पांनी ती नोकरी सोड असं कधी म्हटलं नाही, आणि मी ती सोडली नाही. मात्र भूल देताना घाई करायची नाही, जीव पुरता शांत झाल्याशिवाय कुणाला हात लावू द्यायचा नाही, हे तेव्हापासून मी मुलांना अगदी दटावून सांगायला लागले. पूर्वीही सांगत होतेच... पण दटावत नव्हते.

दिवाळी झाली आणि सायेब खाईना. पणतीपाशी यायचा, तुकडा तोंडात घ्यायचा आणि तो गळून पडायचा. गुरुवारी मावशींनी तराजू दोनदा बघितला आणि भोपळ्याच्या एकाऐवजी दोन फोडी कापून दिल्या. अप्पांनी त्याला तळहातावर उताणं घेऊन ओठ वर केला. खालचे दात वाढून आत वळले होते, टाळ्याला टेकत होते. आम्ही रिक्षानं जनावरांच्या दवाखान्यात गेलो. बाहेर एक म्हैस, दोन शेळ्या आणि मग आम्ही. डॉक्टर भले माणूस, पण उंदीर टेबलावर बघून त्यांनी चष्माच काढला. "काका, आजवर उंदरावरचं औषध लिहून द्या म्हणून लोक आले, उंदराला औषध द्या म्हणून कुणी आलं नाही." दात कापायला हवेत हे त्यांना पटलं, पण त्यांच्याकडची सगळी हत्यारं घोड्या-बैलांच्या मापाची. अप्पांनी खिशातून वायर कापायचं बारीक कटर काढलं. "उकळून आणलंय," ते म्हणाले. डॉक्टरांनी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "हात स्थिर आहे?" "पंचवीस वर्षं चालू लाइनवर काम केलंय सायेब." हा शब्द ऐकून उंदरानंही मान वर केली असं मी घरी जाऊन रंगवून सांगितलं, खोटं होतं, पण आई खूप हसल्या. डॉक्टरांनी नेमकं कुठे कापायचं ते दाखवलं, मी रुमालात धरलं, अप्पांनी श्वास रोखला आणि कट्... कट्. दोन तुकडे टेबलावर पडले. दात चिरला नाही, रक्त आलं नाही. अप्पांचा शर्ट पाठीवर घामानं भिजला होता. घरी येईपर्यंत आईंनी नाचणीची पेज करून ठेवली होती. ज्या बाईनं झाडू घेऊन स्वागत केलं होतं, ती आता ड्रॉपर घेऊन बसली. "पी बाबा," म्हणाली, "तुझ्यापायी ह्यांनीही दुपारपासून घास घेतला नाहीये."

नाशिकची थंडी म्हणजे काय ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. त्या वर्षी ती कडाक्याची होती. अप्पांनी ट्रंकेच्या एका टोकाला भोकं पाडलेल्या डब्यात लहान दिवा बसवला, वायर लोखंडी नळीतून नेली, आणि दुसरं टोक गार ठेवलं, "त्याला उकडलं तर त्याला सरकता आलं पायजे." रोज संध्याकाळी पाचला बटण दाबायचे आणि तळहात आत घालून ऊब बघायचे. जन्मभर ज्याच्यापासून वायर वाचवली, त्याच्याच अंथरुणात वायर नेताना बघून सुधीर त्यांची थट्टा करायचा. "हसा," अप्पा म्हणायचे, "ह्या वयात पाय गार पडले की काय व्हतं ते कळंल तुमाला."

फेब्रुवारीत द्राक्षं आली. सायेब आता जवळजवळ झोपूनच असायचा. साल त्याला चाववेना, म्हणून अप्पा ओट्यावर उन्हात बसून द्राक्ष सोलायचे, बी काढायचे आणि गराचा कण बोटावर धरायचे. तो जिभेनं टिपून घ्यायचा. आई एकदा दारात उभ्या राहून बघत होत्या. "पस्तीस वर्षं झाली लग्नाला," त्या म्हणाल्या, "मला कधी एक द्राक्ष सोलून दिलंत?" अप्पांनी मान वर न करता पुढचं द्राक्ष सोललं आणि हात त्यांच्या दिशेनं लांब केला. आई लाजून आत पळाल्या. मग परत आल्या आणि घेतलं.

मार्चमध्ये एका सकाळी, ऊन ओट्यावर यायच्या सुमारास, सायेब गेला. अप्पांच्या मांडीवर, लुगड्याच्या चौकोनात. त्याच्या मिशीला द्राक्षाचा रस लागलेला होता. अप्पांनी तो पुसला. आम्ही त्याला मागच्या अंगणात शेवग्याखाली पुरलं. मी रडले, आई रडल्या. अप्पा रडले नाहीत, त्यांनी कुदळ धुवून ठेवली आणि म्हणाले, "तीन वर्षांला चार महिने कमी. पोटभर खाऊन गेला. काय वाईट झालं?" पुन्हा एखादा आणू का, असं मी त्यांना विचारलं. "नाय," म्हणाले, "एकच सायेब बास."

पण त्यांनी स्वस्थ बसायचं ठरवलं तरी लोक बसू देईनात. त्या वर्षी जुन्या कारखान्यात उंदरांचा सुळसुळाट झाला म्हणून नव्या इंजिनिअरनं अप्पांना बोलावलं. अप्पा टेस्टर खिशात घालून गेले आणि पंधरा दिवस नाल्यांमधून रांगत फिरले. करंगळी जाईल एवढं भोकसुद्धा त्यांनी लोखंडी जाळी आणि सिमेंटनं बंद करून घेतलं. "आत येऊच दिलं नाय तर मारायचं कशाला?" हे त्यांनी तिथे सगळ्यांना ऐकवलं. आणि दवाखान्यातले ते डॉक्टर... त्यांच्याकडे हळूहळू ससे, गिनीपिग, पांढरे उंदीर यायला लागले होते. शहर बदलत होतं, दुकानांतून असे प्राणी विकत मिळू लागले होते. म्हातारं जनावर आलं की औषध डॉक्टर द्यायचे आणि खाऊ कसं घालायचं यासाठी आमच्या घरचा नंबर द्यायचे. पुढची आठ वर्षं आमचा फोन असाच वाजायचा. बैठकीत फोनपाशी एक स्टूल होतं, त्यावर ताठ बसून, जणू कारखान्यात बिघाड झालाय अशा आवाजात अप्पा विचारायचे, "पाणी पितंय का? बसतंय कसं? मला आधी त्याच्या बसायच्या जागेचं सांगा." शेवटच्या दोन वर्षांत त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यांनी दगा दिला. त्यांची कॉट मी भिंतीपासून हलवून न्हाणीघराच्या जवळ आणली, फार जवळ नाही, थोडं चालावं लागेल इतक्या अंतरावर. त्यांनी ते अंतर डोळ्यांनी मोजलं आणि हसले. मी ते शिकले कुठे, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्यांना जाऊन आता दोन महिने होत आले. गेल्या रविवारी सकाळी फोन वाजला. गंगापूर रोडवरून कुणा बाईंचा आवाज होता. लेकीचा उंदीर, अडीच वर्षांचा, दोन दिवस काही खात नाही. मुलीनंही जेवण सोडलंय. डॉक्टरांनी नंबर दिला. "अप्पा आहेत का?" मी सांगणारच होते. तोंड उघडलंही. पण पलीकडे मागे कुठेतरी ती मुलगी मुसमुसत होती, आणि मी स्टूलवर बसले. "ताई, खाणं तोंडातून गळतंय की तो जवळच येत नाहीये?" मी विचारलं. "पाण्याचं भांडं किती उंचावर आहे? मला आधी त्याच्या बसायच्या जागेचं सांगा." त्या सांगत गेल्या, मी विचारत गेले. पेज सांगितली. आई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "कोमट म्हणावं, गरम नको!" तेही सांगितलं. आज संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही तर दात दाखवायला घेऊन जा, असं बजावलं. अर्ध्या तासानं त्या बाईंच्या आवाजातली घाई गेली. "खूप आभार," त्या म्हणाल्या. "अप्पांनाही सांगा हं, मी फोन केला होता. त्यानं खाल्लं की कळवते त्यांना."

"हो," मी म्हटलं. "सांगते."